सागवानी दरवाजावरचे ऑइल पेंटचे थर काढायचेत, पाण्यावरचा रिमूव्हर खरंच चालतो का?

ओट्यावरून (पारोळा तालुका)

राम राम मंडळी. आमचं घर आजोबांच्या वेळचं, धाब्याचं. पुढचा दरवाजा दोन फळ्यांचा सागवानी आहे आणि चौकटीवर वेलबुट्टी कोरलेली आहे, पण ती आता हाताला लागते, डोळ्याला दिसत नाही. कारण घरात लग्न निघालं की दरवाजाला एक हात ऑइल पेंट, असं पन्नास-साठ वर्षं चाललं. एका कोपऱ्यात टवका उडालाय तिथं मोजले तर वरून चॉकलेटी, मग हिरवा, मग निळा, मग पिवळा आणि सगळ्यात खाली शेंदरी असे पाच रंग निघाले. आजीला ते लाकूड परत बघायचंय, ती लग्न होऊन आली तेव्हा दरवाजा नुसत्या तेलावर होता म्हणते.

मागच्या आठवड्यात गावातला पेंटर बोलावला. त्याने दुकानातला नेहमीचा रिमूव्हर आणला आणि आधी आतल्या खोलीच्या खिडकीवर लावून बघितला. रंग दहा मिनिटात फुगून सुरकुत्या पडून वर आला, ते बघून मी खुश झालो. पण अर्ध्या तासात तो माणूस भिंतीला टेकून खालीच बसला, डोकं जड झालं, गरगरतंय म्हणाला, आम्ही दोघांनी धरून त्याला ओट्यावर आणलं, पाणी दिलं, संध्याकाळपर्यंत त्याचं डोकं दुखत होतं. मनगटावर एक थेंब उडाला होता तिथे भाजल्यासारखा डाग. मी काम तिथेच थांबवलं. तो म्हणे दादा सवय आहे आम्हाला, उद्या परत येतो. मी नको म्हटलं.

आता अडचण अशी की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी येतेय, तिला सहावा महिना चालू आहे आणि तिचा मोठा तीन वर्षांचा, तो दिसेल ते तोंडात घालतो. आखाजीला अजून सहा आठवडे आहेत. पुण्यातल्या एका मित्राने सांगितलं की पाण्यावरचे रिमूव्हर मिळतात, वास नाही, डोकं दुखत नाही. पण इथला दुकानदार म्हणतो ते काही कामाचे नाहीत, पैसे पाण्यात जातील. कुणी स्वतः वापरलाय का? आपल्याकडच्या उन्हात चालतो का? सागवान काळं पडेल का? आणि तसं नसेल तर सरळ मशीनने घासून काढू का? जे खरं असेल ते सांगा.

रंधा-पटाशी (चोपडा)

भाऊ, मी सुतारकाम करतो, जुने दरवाजे, पाळणे, देव्हारे दुरुस्तीला येतात माझ्याकडे. पहिलं सांगतो, मशीनने घासू नका. का ते खाली कुणी शिकलेला माणूस नीट सांगेल, मी एवढंच सांगतो की कोरीवकामावर मशीन फिरवली की वेलबुट्टी सपाट होते, ती परत येत नाही. आणि बत्ती (ब्लोलॅम्प) लावून रंग जाळू पण नका, सागवानाला करपल्याचा डाग पडला की तो रंध्यानेच जातो, म्हणजे कोरीवकाम परत गेलंच.

पाण्यावरचा रिमूव्हर मी चार-पाच कामांना वापरलाय. दुकानदार कामाचा नाही म्हणतो कारण लोक त्याला जुन्या रिमूव्हरसारखा वापरतात. ब्रशने पातळ हात मारला, दहा मिनिट थांबले, खरवडायला गेले, काही निघालं नाही, डबा परत. हा माल तसा नाही. हा दह्यासारखा घट्ट असतो, त्याला लिंपावा लागतो. चांगला दीड-दोन मिलिमीटर जाड थर, ब्रशने एकाच दिशेला, परत परत फिरवायचा नाही. आणि मग हात लावायचा नाही. दोन थर असतील तर दोन-तीन तास, तुमच्यासारखे पाच थर असतील तर रात्रभर. मन्हा बाप सुतार व्हता, तो म्हणायचा लाकडाच्या कामात वाट देखनी पडस, तीच गोष्ट आहे.

पण आपल्याकडे खरी अडचण ऊन आहे. हा वाळला की मेला. वाळलेला रिमूव्हर रंग तर काढत नाहीच, वरून स्वतःच पापडासारखा चिकटून बसतो. म्हणून संध्याकाळी सहा-सातला लावायचा, वरून प्लास्टिक चिकटवून झाकायचा आणि सकाळी ऊन चढायच्या आत काढायचा. प्लास्टिकसाठी शहरात जायची गरज नाही, शेतातला मल्चिंग पेपर उत्तम, फक्त भोकं न पाडलेला घ्या. केळीच्या घडाला घालतो ती पांढरी कापडासारखी पिशवी घेऊ नका, मी घेतली होती, तिच्यातून वारा जातो आणि सकाळपर्यंत सगळं वाळलं, एक लिटर माल वाया गेला माझा.

किती लागेल त्याचा हिशोब सोपा आहे. एक लिटर माल एक मिलिमीटर जाडीने पसरला की एक चौरस मीटर होतो, म्हणजे जेमतेम ११ चौरस फूट. तुमचा दरवाजा चार बाय साडेसहा धरला तर एका बाजूला २६ फूट, दीड मिलिमीटर थराला साडेतीन लिटरच्या वर लागेल. कोरीव चौकट वेगळी. डब्यावर यापेक्षा जास्त फूट लिहिलेले असतात, ते एका थरासाठी असतात, पाच थरांसाठी नाही.

आधी अर्धा लिटर आणा, दरवाजाच्या मागच्या बाजूला खाली तळहाताएवढे तीन चौकोन करा. एक दोन तासाने खरवडा, एक पाच तासाने, एक सकाळी. मग तुमच्या रंगाला किती वेळ लागतो ते तुम्हालाच कळेल, कुणाला विचारायची गरज नाही.

फळ्यावरचा खडू (अमळनेर)

मी ३१ वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्या पेंटरला काय झालं ते आधी सांगतो, कारण ते "वासाने चक्कर आली" एवढं साधं नाही.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून, म्हणजे दहा मिनिटात रंग उचलणं, गुंगी, थेंबाने त्वचेची आग, तो बहुतेक मिथिलिन क्लोराइडवाला रिमूव्हर असणार. बाजारात त्याला एमडीसी म्हणतात. डबा असेल तर घटक वाचून बघा. हा द्रव साधारण ४० अंशाला उकळतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये सावलीत ४४-४५ असतं, म्हणजे उघडा डबा ठेवला तर तो चुलीवर ठेवल्यासारखाच. त्याची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड, म्हणून ती वर जात नाही, खोलीच्या तळाला साचते आणि माणूस खाली वाकून खरवडत असतो नेमकं तिथेच. शरीरात गेल्यावर त्याच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेले लोक ज्याने दगावतात तोच वायू. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला हे फार महागात पडू शकतं. आणि नाकावर विश्वास ठेवता येत नाही, कारण वास जाणवायला लागतो तेव्हा हवेतलं प्रमाण कामगारांसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. तोंडाला बांधलेला रुमाल इथे काहीच कामाचा नाही. आणि काम करताना बिडी ओढली किंवा जवळ बत्ती पेटवली तर त्या वाफेपासून फॉसजीन बनू शकतो, तो पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला होता.

अमेरिकेत बंद बाथरूममध्ये टबचा जुना थर काढताना कामगार यानेच मेले. तिथे २०१९ मध्ये घरगुती गिऱ्हाइकाला विकायच्या रिमूव्हरमध्ये याला बंदी आली, २०२४ मध्ये इतर बहुतेक वापरही बंद करायचं ठरलं. युरोपने त्याच्याही आधी निर्बंध घातले. आपल्याकडे अजून दुकानात मिळतो. "सवय आहे" म्हणणाऱ्या पेंटरला कृपा करून हे सगळं समजावून सांगा, सवय झाली म्हणजे शरीराने ते स्वीकारलं असं नसतं.

आता पाण्यावरचा. यात बहुतेक वेळा बेंझिल अल्कोहोल असतं, पाणी असतं आणि घट्टपणासाठी जेल. बेंझिल अल्कोहोल २०५ अंशाला उकळतं, म्हणून त्याची वाफ फार कमी होते. ते रंगाच्या थरात हळूहळू शिरतं, थर फुगवतं आणि लाकडाशी असलेली पकड सोडवतं. हळू शिरतं म्हणूनच वेळ लागतो. वर सुतार भाऊंनी झाकायला सांगितलं ते अगदी बरोबर आहे, त्यातलं पाणी उडालं की शिरणंच थांबतं.

पण एक गोष्ट नीट ऐका. डब्यावर "पाण्यावर आधारित" किंवा "इको" लिहिलं म्हणून तो आपोआप सुरक्षित होत नाही. काहींमध्ये एनएमपी नावाचं द्रावक असतं, पूर्ण नाव एन-मिथाइल पायरोलिडोन. ते पाण्यात सहज मिसळतं, वासही फारसा नाही, पण पोटातल्या बाळाला अपाय करणारं म्हणून युरोपात त्याची नोंद आहे आणि ते कातडीतून आत जातं. तुमच्या घरात गरोदर बाई येणार आहे म्हणून हे मुद्दाम सांगतोय. काहींमध्ये कॉस्टिक सोडा असतं, म्हणजेच सोडियम हायड्रॉक्साइड. दुकानदाराकडे किंवा कंपनीकडे एसडीएस मागा, सुरक्षेची माहिती असलेला कागद असतो, त्यातला ३ नंबरचा भाग घटकांचा. त्यात मिथिलिन क्लोराइड नको, एनएमपी नको, सोडियम हायड्रॉक्साइड नको. कागद देत नसेल तर तो डबा घेऊ नका.

आणि बेंझिल अल्कोहोल म्हणजे गुलाबपाणी पण नाही. डोळ्यात गेलं तर खूप झोंबतं, हाताला घाम असताना लागलं तर चुरचुरतं. जाड रबरी हातमोजे, चष्मा आणि दारं-खिडक्या उघड्या, एवढं हवंच.

घासण्याबद्दल वेगळं लिहितो, हे लांबलं.

फळ्यावरचा खडू (अमळनेर)

तर घासणं. तुम्ही सांगितलं की खाली पिवळा आणि शेंदरी निघतो. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल ऑइल पेंटमध्ये शिशाचे रंग सर्रास असायचे आणि शेंदरी प्रायमर तर बऱ्याचदा शुद्ध शिशाचाच, शेंदूर म्हणतो तेच रसायन. आपल्या देशात घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागात ९० भाग) वर नको असा नियम २०१६ मध्ये निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे तुमच्या दरवाजाचे पाचही थर त्याच्या आधीचे असतील तर सगळ्यात शिसं आहे असं धरूनच चाला.

कोरडं घासलं की त्याची धूळ होते, ती डोळ्याला दिसतही नाही, ती ओट्यावर बसते, गोधडीवर बसते, पिठाच्या डब्यावर बसते. तीन वर्षांचं पोर जमिनीवर हात टेकवतं आणि तोच हात तोंडात घालतं. लहान मुलाच्या मेंदूला शिशाचं सुरक्षित प्रमाण असं काही नाही, कमी शिसं म्हणजे कमी नुकसान एवढंच. गरोदर बाईच्या रक्तातून ते बाळापर्यंत जातं. बत्तीने जाळलं तर शिशाचा धूर होतो, तो आणखी वाईट. म्हणून ओल्या रिमूव्हरचा खरा फायदा वास नसण्यात नाही, रंग ओला लगदा होऊन निघतो आणि धूळ उडत नाही यात आहे. तुमच्या घरासाठी मला हेच एक कारण पुरेसं वाटतं.

झोपाळा (भुसावळ)

सरांनी कॉस्टिक नको म्हटलं त्यावर माझा अनुभव लिहिते. माझ्या सासूबाईंचा सागवानी झोपाळा होता, आखाजीला माहेरवाशिणी बसायच्या त्याच्यावर. पाटावर जुना हिरवा रंग होता तो काढायला एका कारागिराने गरम पाण्यात कॉस्टिक सोडा कालवून ओतला. रंग गेला पण पाट काळा-तपकिरी झाला, जसं जुनं भिजलेलं लाकूड दिसतं तसं, आणि रेषा उघड्या पडल्या, हात फिरवला तर कुसं लागायची. जोड सरसाने चिकटवलेले होते ते पण सुटले. नंतर व्हिनेगरच्या पाण्याने धुतलं, ऑक्झॅलिक अॅसिडने थोडा काळेपणा गेला, पण मूळ रंग आला नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण त्या वर्षी झोपाळ्यावर बसल्या नाहीत. तो कारागीर पण हेच म्हणाला होता की पाण्यातलं आहे ताई, काही होत नाही. म्हणून कृपा करून घटक विचाराच.

धुळ्याचा रंगारी

मी धुळ्यात पेंटिंगची कामं घेतो, दुसरी बाजू पण मांडतो. एमडीसीवाल्या रिमूव्हरने एक दरवाजा दिवसात मोकळा होतो. पाण्यावरच्याने चार दिवस, कारण रात्रभर ठेवायचं, सकाळी काढायचं, राहिलेल्या जागी परत लावायचं, धुवायचं, वाळवायचं. मालाचा भाव पण जास्त. गिऱ्हाईक मजुरी चार दिवसाची देत नाही, एका दिवसाची देतो आणि वरून विचारतो एवढा वेळ का लागला. म्हणून पेंटर तोच डबा घेतो, त्याला हौस नाहीये.

पण मागच्या वर्षी माझ्या बरोबरचा एक जण बंद दुकानात शटरचा रंग काढताना असाच पडला, तेव्हापासून मी तो डबा बंद केला. आता मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, लावायचं काम माझं, रात्री थांबायचं काम डब्याचं, त्या वेळात मी दुसरीकडे काम करतो आणि मजुरी लावणं-काढणं याचीच घेतो. तसं जमतं. तुम्ही पण तुमच्या पेंटरशी असंच बोला, त्याला कामावरून काढू नका, पद्धत बदला.

लोखंडाच्या ग्रिलला हाच माल लावणार असाल तर एक लक्षात ठेवा, पाण्याने पुसल्यावर लोखंडाला बघता बघता तांबूस गंज धरतो. पुसलं की लगेच कोरडं करा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. आणि भिंतीच्या चुन्याला, डिस्टेंपरला रिमूव्हर लावत बसू नका, ते पाणी मारून पत्रीने (खरवडायच्या पट्टीने) निघतं.

ओट्यावरून (पारोळा तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, झोपाळा ताई, तुमच्यामुळे मी एक डबा परत केला, त्याच्यावर हिरवं पान छापलेलं होतं पण कागद मागितला तर त्यात एनएमपी निघालं. दुसरा जळगावहून मागवला, बेंझिल अल्कोहोलवाला, ३ नंबरच्या भागात तुम्ही सांगितलेल्या तिघांपैकी काही नाही.

तीन चौकोन केले. दोन तासाला फक्त चॉकलेटी थर मऊ झाला. पाच तासाला हिरवा आणि निळा पण आले. रात्रभर मल्चिंग पेपरखाली ठेवलेला सकाळी पावणेसातला उघडला तर रंग ओल्या शेवाळासारखा सुटला होता, प्लास्टिकच्या पत्रीने एका ओढीत पिवळ्यापर्यंत सगळं आलं. शेंदरी मात्र तसाच धरून बसलाय. आणि कोरीवकामातल्या खाचा कधीतरी लांबी (पुट्टी) भरून बुजवल्यात, ती दगड झालीय. त्याचं काय करू?

वास म्हणाल तर अगदी थोडा, गोडसर. माझं डोकं दुखलं नाही. पेंटरला बोलावून दाखवलं, तो बराच वेळ बोटाने लाकूड चाचपत होता, मग म्हणाला रात्री लावायला मी येतो.

आणि निघालेला लगदा कुठे टाकू? सध्या एका पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवलाय.

रंधा-पटाशी (चोपडा)

भारी काम भाऊ. शेंदरी थर लाकडाच्या रेषात शिरलेला असतो, त्याला दुसरा हात लागतो. पहिला सगळा लगदा काढा, ओल्या फडक्याने पुसा, लगेच दुसरा थर त्याच जाडीने आणि परत रात्रभर. लांबीला पटाशी लावू नका, कोरीवकामाचा काठ तुटेल. दुसरा थर खाचेत दाबून भरा, सकाळी बांबूची काडी टोक काढून तिने कोरा, मग जुना दात घासायचा ब्रश. गोल वळणात सुतळी घालून पुढे-मागे ओढली की तळाचं पण निघतं. लांबी एका दिवसात निघणार नाही, दोन-तीनदा करावं लागेल, जी निघत नाही ती राहू द्या, जबरदस्ती करू नका. तारेचा ब्रश तर अजिबात नको, त्याचे लोखंडी कण सागवानात अडकतात आणि पाणी लागलं की काळे ठिपके पडतात.

शेवटी स्पंजने साध्या पाण्याने दोनदा पुसा, दोन दिवस सावलीत वाळू द्या, उन्हात नको, फळी तडकेल. पाण्याने लाकडाची रेष थोडी उठते, हात खरखरीत लागेल, घाबरू नका. १८० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवा. कोरडा फिरवू नका, रेषात राहिलेला शेंदरी उडेल, सर सांगतात ते त्यालाही लागू आहे.

फळ्यावरचा खडू (अमळनेर)

लगद्याबद्दल. उकिरड्यावर टाकू नका, तो उद्या शेतात खत म्हणून जातो. नाल्यात, विहिरीजवळ नको. चुलीत किंवा बंबात जाळायचं तर मनातसुद्धा आणू नका, शिसं जळून जात नाही, राखेत आणि धुरात राहतं आणि आपल्याकडे बंबाची राख भांडी घासायला घेतात. पत्र्याच्या डब्यातच पोरं आणि शेळ्या-कोंबड्या यांच्यापासून लांब वाळू द्या, मग जाड पिशवीत दोनदा बांधून वर "शिशाचा रंग" असं लिहा आणि नगरपालिकेच्या घातक कचऱ्यात द्या. पुसायचं फडकं, मल्चिंग पेपर, स्पंज सगळं त्यातच. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. ओटा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, दोनदा, पाणी बदलून.

आणि पोराला तिथे खेळू द्यायच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवा. बहिणीला काम चालू असताना बोलावू नका, सगळं पुसून झाल्यावरच येऊ द्या.

झोपाळा (भुसावळ)

नंतर तेल लावणार असाल तर अळशीचं लावा, बाहेरच्या दरवाजाला छान बसतं. पण तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, अळशीच्या तेलाचं फडकं वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेतं, आपल्या उन्हाळ्यात तर लवकर. दोरीवर एकेक मोकळं वाळत घाला.

ओट्यावरून (पारोळा तालुका)

समजलं ताई. काल डाव्या फळीला आणि चौकटीच्या अर्ध्या भागाला लावलं, आज सकाळी काढलं. पेंटर पण होता, हातमोजे घालून. लांबी निम्मी निघाली, वेलीची तीन पानं मोकळी झालीत. आजीने खुर्ची ओट्याच्या खाली अंगणात, वाऱ्याच्या उलट्या बाजूला टाकून घेतलीय आणि तिथून सांगते कुठे राहिलंय. आज संध्याकाळी त्याच अर्ध्या भागाला दुसरा हात, मग उजवी फळी. मल्चिंग पेपर संपलाय, शेतातून आणायला चाललोय.